बझर वाजला, उंदीर हलला नाही

नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातून २००४ साली एक शोधनिबंध ‘न्यूरोसायकोफार्माकॉलॉजी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उगले, हिरानी, इटलीतील मोरेली आणि नागपूरचे प्रा. सी. टी. चोपडे हे त्याचे लेखक. निबंध ओलान्झापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाबद्दल होता. या औषधाचा परिणाम जोखण्यासाठी जी चाचणी वापरली, तिचा इतिहास मात्र औषधापेक्षा बराच जुना आहे. एका आवाजानंतर शॉक बसतो, हे पांढऱ्या उंदराला शिकवायचे. आवाज येताच जागा सोडली की शॉक टळतो, हेही तो शिकतो. मग त्याला औषध द्यायचे आणि पुन्हा तोच आवाज करायचा. उंदीर जागचा हलत नाही. तो धोका विसरला का? की धोका आठवत असूनही त्याला त्याचे काही वाटेनासे झाले?

मानसोपचारातल्या औषधांचा अर्धा इतिहास या प्रश्नाभोवती घडला. त्याची एक वाट भारतातल्या सर्पगंधेपासून निघते आणि मुंबई, स्वित्झर्लंड, अमेरिका, स्वीडन अशी फिरत नागपूर-कामठीपर्यंत येते.

नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे. त्या काळी आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षे, इथे काय किंवा लंडन-पॅरिसला काय, वेड लागलेल्या माणसासाठी डॉक्टरांच्या हातात फारसे काही नव्हते. बंदिस्त खोली, झोपेची औषधे, पुढे इन्सुलिनची बेशुद्धी आणि विजेचे झटके. मेंदूत रसायनांचा काही कारभार चालतो आणि माणसाची भीती, संशय, उन्माद यांच्याशी त्या कारभाराचा संबंध आहे, ही कल्पनाच रुजलेली नव्हती. चेतापेशी एकमेकींशी फक्त विजेच्या ठिणग्यांनी बोलतात असे मानणारे मोठमोठे शास्त्रज्ञ १९४०च्या दशकातही होते.

भारतात मात्र एक मूळ पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. सर्पगंधा हे कंबरेएवढेही न वाढणारे झुडूप. पांढरी-गुलाबी फुले, पिकल्यावर काळपट होणारी फळे, जमिनीत वाकडेतिकडे जाणारे कडू मूळ. विंचू-सापाच्या दंशावर, तापावर, निद्रानाशावर आणि वेडावर ते दिले जाई. बिहारकडे त्याला सरळ ‘पागल की दवा’च म्हणत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर हे मूळ गुणकारी आहे असे वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी या मुळातून अल्कलॉइड वेगळी काढली आणि त्यांपैकी एकाला आपले आश्रयदाते हकीम अजमल खान यांच्यावरून ‘अजमलीन’ नाव दिले. पुढची वीस वर्षे हे सारे काम भारतीय नियतकालिकांत पडून राहिले. पाश्चात्त्यांनी ते वाचले नाही, हे खरेच. पण आपल्याकडेही एका शहरातले काम दुसऱ्या शहरात पोचायला पुष्कळ वेळ लागला, हेही मान्य करायला हवे.

जगाचे लक्ष वेधले ते मुंबईने. केईएम रुग्णालयाशी संबंधित हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्या छापल्या. पन्नास रुग्ण, औषधापूर्वीचा आणि नंतरचा दाब, दुष्परिणाम, सगळे मांडून. इंग्रजी जगातले डॉक्टर जे नियतकालिक उघडून वाचतात त्यात हा मजकूर आल्यामुळे चक्रे भराभर फिरली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या म्युलर, श्लिट्लर आणि बाइन यांनी मुळातले प्रमुख क्रियाशील द्रव्य शुद्ध स्वरूपात काढले. तेच रिसर्पिन. १९५३ साली अहमदाबादचे डॉ. हकीम यांनी मनोरुग्णांवर केलेल्या वापराची बातमी न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमधल्या नेथन क्लाइन यांच्या वाचनात आली. त्यांनी आपल्या वॉर्डांत हे औषध वापरले आणि १९५४ साली निष्कर्ष मांडले. १९५७चे लास्कर पारितोषिक वकील आणि क्लाइन या दोघांनाही मिळाले. एकाच पारितोषिकाच्या यादीत मुंबईचा हृदयरोगतज्ज्ञ आणि अमेरिकेतल्या मनोरुग्णालयाचा संशोधक, आणि दोघांना जोडणारे एक मूळ!

इकडे फ्रान्समध्ये वेगळेच घडत होते. पॅरिसजवळ ऱ्होन-पूलांक कंपनीत १९५० साली क्लोरप्रोमझिन तयार झाले. १९५२ साली सेंट-ॲन रुग्णालयात ते मनोरुग्णांना दिले गेले आणि वर्षानुवर्षे आरडाओरडा करणारे रुग्ण शांत झाले. हे औषध नक्की करते तरी काय, हे शोधायला सिमोन कुर्व्हाझिए यांनी उंदरांना एक धडा दिला. घंटा वाजली की दोरावर चढायचे, नाहीतर शॉक बसतो. शिकून तयार झालेल्या उंदरांना क्लोरप्रोमझिन दिल्यावर घंटा वाजली तरी ते दोराकडे वळेनात. त्यांचे पाय लटके पडलेले नव्हते, ते झोपलेलेही नव्हते.

अमेरिकेत स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच कंपनीच्या लेनर्ड कुक आणि एडवर्ड वाइडली यांनी या प्रयोगाला नेटके रूप दिले आणि १९५७ साली ते प्रसिद्ध केले. पुढची कित्येक दशके जगभरच्या औषधशास्त्र विभागांत जी पेटी दिसत राहिली, ती याच घडणीची, म्हणून जरा जवळून पाहू. पेटीचा तळ सपाट नसतो. बारीक स्टीलच्या सळ्या थोड्या थोड्या अंतरावर बसवलेल्या असतात आणि त्यांतून सौम्य वीज सोडता येते. वर, छताच्या मधोमध एक लाकडी दांडा टांगलेला असतो. उंदीर आत सोडला की आधी कोपरे हुंगतो, मिशा हलवत भिंतीकडेने फिरतो, कधी मागच्या पायांवर उभा राहून दांडा चाचपतो. बझर वाजतो. त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. काही सेकंदांनी सळ्यांत वीज येते आणि तो चीं करून उडतो, इकडेतिकडे धडपडतो आणि केव्हातरी दांडा धरतो. दांड्यावर वीज पोचत नाही. ही फेरी पुन्हापुन्हा होते. होता होता बझर सुरू झाला की शॉकची वाट न पाहता तो टुणकन दांड्यावर जातो. दहांतल्या आठ-नऊ वेळा असे करू लागला की त्याचे शिक्षण पुरे झाले असे मानतात.

आता दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या. बझर ऐकून चढणे, म्हणजे टाळणे. शॉक बसल्यावर चढणे, म्हणजे सुटका करून घेणे. झोपेचे बार्बिट्युरेट जास्त डोसमध्ये दिले तर दोन्ही बंद पडतात. उंदीर पेंगतो, शॉक बसला तरी त्याला चढता येत नाही. क्लोरप्रोमझिन योग्य डोसमध्ये दिले तर मात्र फक्त टाळणे जाते. बझर वाजतो, उंदीर बसून राहतो; शॉक बसला की तोच उंदीर सफाईने दांड्यावर चढतो. म्हणजे त्याचे कान, पाय आणि वेदनेची जाणीव शाबूत आहेत. बिघडले आहे ते आवाज आणि कृती यांच्या मधले काहीतरी. रिसर्पिनही उंदीर आणि माकडांचे असे शिकलेले टाळणे मोडून टाकत होते. चाचणी इतकी भरवशाची ठरली की पुढे स्किझोफ्रेनियावर उपयोगी पडलेले जवळजवळ प्रत्येक औषध आधी तिच्यातून पार झाले.

रिसर्पिन मेंदूत काय करते याचा पहिला पुरावा १९५५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मिळाला. बर्नार्ड ब्रॉडी, प्लेचर आणि शोर यांना दिसले की रिसर्पिन दिलेल्या प्राण्यांच्या शरीरातून सिरोटोनिन बाहेर पडते आणि मेंदूतला त्याचा साठा ओसरतो. वागणूक बदलणारे औषध आणि मेंदूतल्या विशिष्ट रसायनाचे घटलेले प्रमाण यांची अशी सांगड पहिल्यांदाच बसत होती. ब्रॉडी यांच्याकडे काही महिने शिकायला आलेले स्वीडिश औषधशास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांना शंका आली की इतर रसायनेही संपत असतील. ब्रॉडी यांना त्यात रस नव्हता. कार्लसन मायदेशी परतले आणि सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दाखवले की नॉरॲड्रेनलीनचा साठाही असाच रिता होतो. आज यामागची यंत्रणा ठाऊक आहे. चेतापेशीच्या टोकाशी ही रसायने सूक्ष्म पिशव्यांमध्ये भरून ठेवलेली असतात आणि भरण्याचे काम एक खास प्रथिन करते. रिसर्पिन त्या प्रथिनाला घट्ट धरून ठेवते. पिशव्या भरत नाहीत, बाहेर राहिलेला माल पेशीतली एन्झाइम्स नष्ट करतात आणि कणगी भरायचीच थांबल्यावर घर जसे उपाशी पडते तसे चेतापेशीचे होते.

आणि मग १९५७ साली तो प्रसिद्ध प्रयोग झाला. रिसर्पिन दिलेले ससे कान पाडून, डोळे अर्धे मिटून, ढिम्म बसले होते. कार्लसन, लिंडक्विस्ट आणि माग्नुसन यांनी त्यांना एल-डोपा टोचले. नॉरॲड्रेनलीन आणि डोपामीन बनवायला शरीर हाच कच्चा माल वापरते. थोड्याच वेळात ससे उठले, कान ताठ झाले, इकडेतिकडे फिरू लागले. सिरोटोनिनचा कच्चा माल दिल्यावर तसे घडले नाही. पुढच्या वर्षी कार्लसन यांच्या गटाने दाखवले की डोपामीन हे मेंदूत स्वतःच्या हक्काने नांदणारे रसायन आहे. केवळ नॉरॲड्रेनलीन बनण्याच्या वाटेतला टप्पा नव्हे. १९६० साली लंडनमध्ये भरलेल्या सीबा फाउंडेशनच्या परिषदेत हेन्री डेल यांच्यासारख्या ज्येष्ठांनी हे मान्य केले नाही. ज्या कंपनीने रिसर्पिन शुद्ध केले, तिच्याच नावाच्या परिषदेत रिसर्पिनने उघडलेले दार लोटून घेण्याचा प्रयत्न झाला. ते दार फार काळ मिटलेले राहिले नाही. १९६१ साली व्हिएन्नात एल-डोपा पार्किन्सनच्या रुग्णांना दिले गेले आणि खिळून बसलेली माणसे चालू लागली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

पण आपल्या प्रश्नाचे उत्तर देणारा प्रयोग सशांचा नव्हता. लुइस सायडन या तरुण अमेरिकी संशोधकाने कार्लसन यांच्याबरोबर १९६३ आणि १९६४ साली काम करताना लहान जातीच्या उंदरांना आधी टाळणे शिकवले, मग रिसर्पिन दिले. टाळणे गेले. इथवर नवे काही नव्हते. मग त्यांनी एल-डोपा दिले आणि तेच उंदीर, नव्याने काही न शिकवता, सूचना मिळताच पुन्हा टाळू लागले. पूर्ण नाही, कायमचे नाही. एल-डोपाचा अंमल असेपर्यंत आणि काही प्रमाणात. मांजरांवर केलेल्या प्रयोगातही तेच दिसले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे. धडा पुसला गेला असता तर एका इंजेक्शनने तो परत येणे शक्यच नव्हते. तो मेंदूत होता. त्यावर कृती करण्यासाठी लागणारे रसायन तेवढे संपले होते.

मग प्रत्यक्ष स्मरण पुसले जाते का? त्याच १९६३ साली पेनसिल्व्हेनियात लुइस आणि जोसेफा फ्लेक्सनर यांनी उंदरांच्या मेंदूत प्युरोमायसिन टोचले. हे द्रव्य पेशीत प्रथिने बनू देत नाही. शॉक टाळण्याची शिकलेली वाट उंदरांना आठवेना. स्मरणासाठी नवी प्रथिने लागतात असा निष्कर्ष निघाला आणि तो ढोबळमानाने आजही टिकून आहे. पण १९६७ साली याच दांपत्याने आणखी एक निरीक्षण नोंदवले. ‘विसरलेल्या’ उंदरांच्या मेंदूत नुसते मिठाचे पाणी टोचले, तर गेलेले स्मरण परत येऊ शकत होते. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाला छेद देणारी गोष्ट त्यांनी लपवली नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. विसरणे आणि आठवणीपर्यंत पोचता न येणे, या दोन गोष्टी प्रयोगात वेगळ्या करणे किती अवघड आहे, हे त्यातून उघड झाले.

रसायने आठवण पक्कीही करतात. पॉल गोल्ड आणि व्हॅन बस्कर्क यांनी १९७५ साली उंदरांना एका कप्प्यातून दुसऱ्यात गेल्यावर सौम्य शॉक दिला आणि लगेच ॲड्रेनलीन टोचले. दुसऱ्या दिवशी हे उंदीर त्या कप्प्यात जायला कितीतरी जास्त वेळ लावत. मात्र डोस बेताचा हवा. जास्त झाला की लाभ उलटतो. आणि इंजेक्शन शिकण्यानंतर लगेच हवे. उशीर केला तर काही फरक पडत नाही. जेम्स मॅगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवले की ही सगळी लगबग मेंदूतल्या अमिग्डाला या बदामाएवढ्या भागातून नियंत्रित होते. अपघात, दंगल, आग यांच्या आठवणी जन्मभर टोकदार का राहतात, याचे रसायनशास्त्र असे उंदरांच्या पेटीतून उलगडले.

आता नागपूर. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० साली वारले तेव्हा उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी त्यांनी नागपूर विद्यापीठाला मोठी देणगी ठेवली होती. तिच्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली. त्याच दशकात नागपुरात फार्मसीचे विद्यापीठीय शिक्षण सुरू झाले; देशात ते फार थोड्या ठिकाणी मिळत होते. अमरावती रोडवरच्या विद्यापीठ परिसरात पुढे औषधनिर्माणशास्त्र आणि प्राणिशास्त्र असे दोन्ही विभाग नांदू लागले. मेंदूच्या रसायनांवर काम करायचे तर एका बाजूला औषधाची आणि दुसऱ्या बाजूला प्राण्याच्या शरीररचनेची जाण लागते. नागपुरात ती दोन्ही एकाच आवारात होती, आणि पुढे जे घडले त्याचे बरेच श्रेय मी या शेजाराला देतो.

महाराष्ट्रात हा अभ्यास फक्त नागपुरात होत होता असे नाही. सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयात बालसरा, जाधव आणि चांदोरकर यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस हॅलोपेरिडॉल या स्किझोफ्रेनियावरच्या औषधामुळे येणाऱ्या ताठरपणावर, म्हणजे कॅटॅलेप्सीवर, सिरोटोनिनचा काय परिणाम होतो हे तपासले. कॅटॅलेप्सीची चाचणी दिसायला अगदी साधी. उंदराचे पुढचे दोन पाय उंचावरच्या आडव्या दांडीवर ठेवायचे आणि तो ते खाली घ्यायला किती वेळ लावतो ते घड्याळावर पाहायचे. टाळण्याची चाचणी औषधाचा गुण सांगते, कॅटॅलेप्सी त्याचा दुष्परिणाम सांगते. १९९०च्या दशकात नागपुरात प्रा. चोपडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाच धागा पुढे नेला. ॲड्रिनल ग्रंथीच्या स्टेरॉइड्समुळे हा ताठरपणा कमी होतो, हे त्यांनी १९९५ साली दाखवले. दोन वर्षांनी ॲडेनोसीन या मेंदूतल्या रसायनाच्या ग्राहींचा, म्हणजे ते ज्यांवर बसून काम करते त्या प्रथिनांचा, संबंध मांडला.

स्टेरॉइड आणि मेंदू यांचे नाते तेव्हा नव्याने उमगत होते. फ्रान्सच्या एटिएन बोलियू यांच्या लक्षात आले होते की काही स्टेरॉइड मेंदू स्वतःच तयार करतो. १९८०च्या दशकात त्यांना ‘न्यूरोस्टेरॉइड’ हे नाव मिळाले. १९८६ साली मायेव्स्का आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले की प्रोजेस्टेरॉनपासून बनणारी अशी काही द्रव्ये मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या रसायनाच्या ग्राहीवर बसून त्याचा परिणाम वाढवतात. त्यांतले सर्वांत प्रभावी म्हणजे अॅलोप्रेग्नॅनोलोन. गरोदरपणात ते वाढते, बाळंतपणानंतर झपाट्याने खाली येते, ताणाच्या प्रसंगीही त्याची पातळी बदलते.

नागपूरच्या गटाने हे द्रव्य हाती घेतले. उंदरांच्या नैराश्यसदृश वागण्यावर त्याचा परिणाम होतो, हे २००० साली त्यांनी दाखवले; डोपामीनवर अवलंबून असलेल्या वागण्यावरही होतो, हे २००२ साली. दरम्यान अमेरिकेत क्रिस्टीन मार्क्स यांना आढळले होते की ओलान्झापिन दिल्यावर उंदरांच्या मेंदूच्या बाह्यपटलात अॅलोप्रेग्नॅनोलोन वाढते. मग ओलान्झापिनचा गुण अंशतः या स्टेरॉइडमुळे येतो का? २००४च्या निबंधात नागपूरने हाच प्रश्न घेतला. मांडणी सरळ होती. ओलान्झापिनबरोबर मेंदूतले अॅलोप्रेग्नॅनोलोन वाढवणारी द्रव्ये दिली, तेव्हा शिकलेले टाळणे मोडण्याचा औषधाचा परिणाम आणखी जोर धरू लागला. स्टेरॉइड तयार करणारी एन्झाइम्स अडवली किंवा गाबाचा ग्राही बंद केला, तेव्हा तोच परिणाम फिका पडला. डोपामीनच्या गोष्टीत अशी एक दुसरी रसायनधारा मिसळली. शिकलेल्या भीतीवर उंदीर कृती करतो की नाही, हे एकट्या डोपामीनच्या हाती नसते. मेंदूत घडणारे स्टेरॉइड आणि गाबा त्यात लुडबुड करतात. जुन्या पेटीतून नव्या शतकातही नवे काही निघू शकते, हे नागपूरने दाखवून दिले. पुढे चोपडे यांच्याभोवतीचे काम कामठीच्या किशोरीताई भोयर फार्मसी महाविद्यालयातही वाढले. ज्या गावच्या खाणमालकाच्या पैशांतून नागपुरात रसायनशास्त्राचे शिक्षण बहरले, त्याच गावी मेंदूच्या रसायनांची प्रयोगशाळा असावी, याचे मला फार अप्रूप वाटते.

प्राणिशास्त्र विभागात प्रा. निशिकांत सुभेदार यांचा भर मेंदूतल्या पेप्टाइड्सवर, म्हणजे प्रथिनांसारख्याच पण लहान रेणूंवर, होता. ‘कार्ट’ हे त्यांतले एक; कोकेन किंवा ॲम्फेटामीन दिल्यावर उंदरांच्या मेंदूत त्याचा संदेश वाढतो, म्हणून १९९५ साली त्याला ते नाव पडले. औषधनिर्माणशास्त्र विभागातले प्रा. दादासाहेब कोकरे आणि सुभेदार यांच्या गटांनी २०१६ साली हे पेप्टाइड हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मरणाशी निगडित भागात ओळखीचे स्मरण बळकट करते असे मांडले. सुभेदार नंतर पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत गेले. तिथे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कामात हेच पेप्टाइड अमिग्डालाच्या एका परिपथात उपजत भीतीच्या प्रकटीकरणाशी जोडले गेले. उपजत भीती म्हणजे काही न शिकताच मनात येणारी, शिकाऱ्याच्या वासाने उंदराला थिजवणारी. पेटीतली भीती शिकलेली, ही जन्माबरोबर आलेली. दोन्हींच्या वाटा मेंदूत कुठे एक होतात आणि कुठे फुटतात, हा आजचा चालू अभ्यास आहे.

या पेट्यांतल्या उंदरांना शॉक बसतो, हे सांगताना गुळमुळीत बोलणे बरे नव्हे. १९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६४ साली देखरेख समिती स्थापन झाली, पण प्रयोगशाळांवर खरा वचक आला तो १९९८च्या नियमांनी. आता प्रत्येक प्रयोगाआधी संस्थेच्या नैतिकता समितीपुढे किती प्राणी, किती तीव्रतेचा शॉक, पर्याय का नाही, हे लिहून द्यावे लागते. हे व्हायलाच हवे होते आणि उशिरा झाले.

परिणामांचा हिशेब मांडायचा तर रिसर्पिन स्वतः मागे पडले. त्यामुळे काही रुग्णांना खोल नैराश्य आल्याचे अहवाल आले, नवी औषधे आली, आणि आज रक्तदाबासाठी ते क्वचितच लिहून दिले जाते. मुळांसाठी झुडपे इतकी उपटली गेली की भारताला १९५०च्या दशकातच निर्यातीवर बंधने घालावी लागली आणि १९९० साली सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत गेली. पण रिसर्पिन ज्या प्रथिनाला पकडते त्यालाच अधिक सौम्यपणे पकडणारी औषधे हंटिंग्टनच्या आजारातल्या अनैच्छिक हालचालींवर आता वापरात आहेत. अॅलोप्रेग्नॅनोलोनपासून बनवलेले इंजेक्शन २०१९ साली अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी मान्य झाले.

आणि उंदीर विसरतो की नाही, हा प्रश्न माणसापर्यंत पोचला. शितिज कपूर हे दिल्लीच्या एम्समध्ये शिकून कॅनडात गेलेले मानसोपचारतज्ज्ञ. त्यांच्या गटाने २००१ साली दाखवले की उंदराच्या मेंदूतले साधारण सत्तर टक्के डी-२ डोपामीन ग्राही औषधाने व्यापले की शिकलेले टाळणे थांबते आणि ऐंशी टक्क्यांच्या वर गेले की कॅटॅलेप्सी येते. माणसात औषधाचा गुण आणि दुष्परिणाम दिसण्याची पातळीही जवळपास तीच. २००३ साली कपूर यांनी यापुढचे पाऊल टाकले. डोपामीन एखाद्या गोष्टीला महत्त्व चिकटवते. स्किझोफ्रेनियात हे महत्त्व भलत्याच गोष्टींना चिकटते. शेजाऱ्याचे खोकणे, रेडिओतला एखादा शब्द रुग्णाला स्वतःसाठीचा इशारा वाटू लागतो. औषध त्या समजुती पुसत नाही. ते त्यांचा चटका कमी करते. ‘ते लोक माझ्या मागावर होते’ हे रुग्णाला आठवत असते, पण दिवसभर त्याच विचारात तो अडकून राहत नाही.

मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या कुटुंबांसाठी याचा अर्थ फार ठोस आहे. गोळ्या सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत मुलगा शांत होतो, पण ‘ते आवाज खोटे होते’ असे तो म्हणत नाही, म्हणून घरचे निराश होतात. औषध लागू पडले नाही असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात आवाज किती छळतात, त्यांचे ऐकून तो काही करतो का, हे पाहायचे असते. जुन्या समजुती सैल व्हायला त्यानंतर वेळ लागतो, बोलणे लागते, नवे अनुभव लागतात. आणि बरे वाटते म्हणून गोळ्या अचानक बंद केल्या तर कित्येकदा तोच संशय, त्याच शेजाऱ्याबद्दल, परत येतो. एल-डोपा मिळाल्यावर सायडन यांच्या उंदरांना जुना धडा नव्याने शिकवावा लागला नव्हता.